वनमालाआजीचा टेबलफॅन

"बोरिवलीहून मुलुंड म्हणजे दोन तास यायला, दोन तास जायला. तू करून बघ एकदा."

"आणि बांगडे हाणताना ते दोन तास आठवत नाहीत? सहा-सहा खातोस."

"मी पाच खातो."

"सहावा माझ्या ताटातला असतो, नितेश."

हे सकाळी साडेदहापासून चाललं होतं. वनमालाआजीचं वर्षश्राद्ध गुरुवारी उरकलं होतं आणि आज रविवारी नितेशने चपला काढायच्या आधीच जाहीर केलं होतं, की आता ही दर रविवारची पंगत बंद. गणपतीत भेटू, दिवाळीत भेटू, झालं. श्रुतिकाला पंगतीचं एवढं नव्हतं. पण पंगत मोडली की आपला हा एकुलता एक भाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभातची फुलं पाठवणारा माणूस होणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

पंगत आजीची. मिल बंद पडल्यावर आजोबांना, दोन पोरांना आणि गावच्या देवाचा नारळ घेऊन ती मुलुंडला आली. नारळ देव्हाऱ्यात बसला आणि रविवार ठरला: सगळ्यांनी जमिनीवर बसून जेवायचं, मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवायचे. एकदा कुणाचा तरी मोबाइल तांदळात पंधरा मिनिटं वाजत राहिला. आजीने डब्यावर पाटा ठेवला आणि भात वाढला.

घरातला कुठलाही मोठा निर्णय देवाच्या कौलाने व्हायचा. नारळावर डावी-उजवीकडे तगरीची दोन ओली फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा, डोळे मिटायचे. उजवं फूल आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. देव्हाऱ्याच्या उजव्या हाताला स्टुलावर एक जुना टेबलफॅन. आजी दोनदा खोकली की श्रुतिकाने बटण दोन नंबरवर करायचं. ही नोकरी तिला नवव्या वर्षी लागली.

"आजी, ही चीटिंग आहे ना गं?" तिने एकदा विचारलं होतं.

"चीटिंग कसली? देवाक सगळा कळता. पण तो दमान सांगता, आणि माका जेवाण वाढूचा आसा."

उजवंच फूल पडणार म्हटल्यावर आजी प्रश्न बरोबर बेतायची. नितेशला बेंगळुरूची नोकरी लागली तेव्हा 'जाऊ का' असं तिने विचारलंच नाही. "म्हाराजा, पोरग्यान हयच ऱ्हवाचा मां?" खोकला. दोन नंबर. नितेश मुंबईतच राहिला. ही गोष्ट श्रुतिकाने आठ वर्षं पोटात ठेवली होती.

"भांडू नका," बाबा म्हणाले. "देवाला विचारा."

दशरथबाबा अशा प्रसंगी देवाला पुढे करून पेपर वाचत बसायचे. नितेशने फुलं चिकटवली आणि हात जोडून विचारलं, "देवा, रविवारची पंगत बंद करायची ना?"

श्रुतिका स्टुलाजवळ होती. बटण दाबलं की उजवं फूल पडणार आणि पंगत संपणार. तिने दोन्ही हात ओढणीत गुंडाळले.

एक मिनिट गेलं. पाच गेली. फुलं जागची हलेनात. आतून प्रेमाआत्या ओरडली, "देवाने काय ठरवलं? माझं तेल तापलंय."

"काय वैताग आहे," नितेश डोळे मिटूनच म्हणाला. "अगं, फॅन लाव ना. दोन नंबरवर."

बाबांचा पेपर खाली आला.

"तुला कसं माहीत दोन नंबर?" श्रुतिकाने विचारलं.

नितेशने एक डोळा उघडला. "गरम होतंय म्हणून."

"नितेश."

"तुला नाटकवाल्या मैत्रिणींबरोबर अंधेरीला खोली घ्यायची होती, आठवतंय? देवाने सांगितलं, घरूनच जा-ये कर."

"त्या दिवशी फॅन बंद होता."

"तुझे डोळे बंद होते."

"आणि आवाज?"

"आजी घंटा कशाला बडवायची एवढी?"

श्रुतिका खालीच बसली. दहा वर्षं फॅन चालवूनही स्वतःचा कौल तिने खरा मानला होता. "मग ऐक. तुझं बेंगळुरू मी पाडलं."

"तू?"

"खोकली ना ती."

"अरे, एवढं काय घेऊन बसलात," बाबा घसा साफ करत म्हणाले. "प्रेमाला नर्सिंगला मिरजेला जायचं होतं. तेव्हा मी होतो फॅनवर."

आत काहीतरी धाडकन आपटलं. आत्या झारा घेऊन दारात आली. "दशरथा, तू? आणि मी वेडी, तुझ्या मस्कतच्या नोकरीच्या वेळी तीन नंबरवर केला म्हणून आयुष्यभर देवाची माफी मागतेय."

"तीनवर?" बाबा म्हणाले. "तरीच नारळसुद्धा हलला होता."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, चौघांनी फॅनकडे पाहिलं, आणि आत्याला जे हसू फुटलं ते थांबेना. झाऱ्यातलं तेल लादीवर ठिबकत होतं. सगळ्यांत उशिरा नितेश हसला, पण सगळ्यांत जास्त. म्हातारीने कुणालाच हलू दिलं नव्हतं, आणि प्रत्येकाकडून दुसऱ्याची दोरी बांधून घेतली होती.

"आता खरं खरं विचारू," श्रुतिका म्हणाली. "वाऱ्याशिवाय. पण त्याआधी फॅन लाव रे जरा, चालतो का तरी बघू."

नितेशने बटण दाबलं. फॅन खर्रर्र करून अर्धा फिरला आणि थांबला.

"बुश गेलाय," बाबा म्हणाले. "वर्षभर सांगतोय मी. स्टेशनजवळचा अंबादास करून देतो, पण आठ दिवस ठेवून घेतो. आज टाकला तर पुढच्या रविवारी मिळेल. त्याच्याकडे जायचं कुणी?"

पंगत बसली. नितेशने पाच बांगडे खाल्ले, सहावा श्रुतिकाने स्वतःहून त्याच्या ताटात टाकला. हात धुऊन त्याने तांदळाच्या डब्यातून मोबाइल काढला, फुंकून खिशात घातला आणि चपला पायांत सरकवल्या.

"मग?" श्रुतिका दाराला टेकून म्हणाली. "पुढच्या रविवारी येणार की नाही?"

नितेश पुन्हा आत आला, चपलांसकट. त्याने फॅनचा प्लग काढला, वायर गुंडाळली, फॅन काखेत मारला आणि जिना उतरून गेला.