आईला दाखवलेला फ्रेंच सिनेमा

आईला फ्रेंच सिनेमा दाखवायची अवदसा मला कुठून आठवली, देव जाणे. ती पुण्याहून इंग्लंडात माझ्याकडे, मेडनहेडला आली होती ती माझं लग्न ठरवूनच परत जायचं म्हणून. पत्रिका जुळली होती, संध्याकाळी मुलीकडच्यांचा व्हिडिओ कॉल होता. आणि मला मुली नाही, मुलगे आवडतात, हे पस्तिशी आली तरी तिला सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. म्हटलं, सिनेमातला मुलगा सांगेल. त्याचीही गोष्ट तीच होती.

दुपारच्या ट्रेनने जवळच्या रीडिंग शहरात गेलो. थिएटरमध्ये आम्ही दोघं आणि पुढे दोन-चार म्हातारी माणसं. आईने पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. सबटायटल्स मेली भराभर पळतात, वाचून होत नाहीत, अशी तिची कुरकुर सुरू झाली, म्हणून मी तिच्या कानाशी मराठीत सांगत बसलो. "तो मित्र आहे त्याचा." "आता ते समुद्रावर चाललेत." मित्राने त्या मुलाला जवळ घेतलं, तेव्हा आईचा हात डब्यातच थांबला.

मग तो मुलगा स्वयंपाकघरात आपल्या आईसमोर उभा राहिला. मी सांगितलं, "तो म्हणतोय, आई, माझं एका मुलावर प्रेम आहे." पडद्यावरची आई गप्प झाली. तोही गप्प. पण मी थांबलोच नाही. "आई, मला मुलींबद्दल तसं कधी वाटलंच नाही गं. लग्न केलं तर त्या पोरीचंही वाटोळं होईल. मला फार एकटं वाटतं गं."

आईने पडद्याकडे पाहिलं. तिथे कोणीच बोलत नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

परतीच्या ट्रेनमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सिनेमातलंच सांगत होतास ना?"

"नाही, आई."

"सिनेमातलंच होतं."

मी पुन्हा तोंड उघडलं, तर म्हणाली, "इथे नको. लोक ऐकतात."

कसले डोंबलाचे लोक! सगळ्यांच्या कानात हेडफोन होते. मला ढसाढसा रडावंसं वाटलं. तेवढ्यात स्टेशन आलं.

घरी तिने मला इस्त्रीचा शर्ट काढून दिला, कॉलर नीट केली. लॅपटॉपवर मुलीच्या आईने हसत विचारलं, "काय मग, आज कुठे फिरवलं लेकाने?"

"सिनेमाला गेलो होतो," आई म्हणाली. "फ्रेंच होता. मला मेलीला काही म्हणजे काही कळलं नाही."