मोबाइलवर सापडलेला वीर

"काका, टोकन पाठवून टाकते. नाहीतर तो दुसऱ्याला देऊन बसेल."

वैशालीचा अंगठा मोबाइलवर तयारच होता.

"आधी फोन इकडे दे," मी म्हणालो. "अंगठा कुठं पळून जात नाही."

वैशाली आमच्या वरच्या मजल्यावर राहते. सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. मी रिटायर्ड व्हॅल्युअर. बँकेत कोणी दागिना तारण ठेवायला आणला की तो खरा की खोटा, किती कसाचा, हे सांगायचं माझं काम. उभी हयात दुसऱ्यांच्या सोन्याचांदीवर संशय घेण्यात गेली. बायको लोकांना सांगते की ह्यांनी लग्नातच माझ्या बांगड्या कसाला लावून पाहिल्या. हे साफ खोटं आहे. लग्न झाल्यावर पाहिल्या.

फोनवर विक्रीच्या जाहिरातीत चांदीचा टाक होता. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली देवाची प्रतिमा, देवघरात असते ती. हा वीराचा टाक होता. घोड्यावर बसलेला, हातात तलवार. घराण्यातला एखादा पुरुष लढाईत किंवा अवेळी गेला असेल, तर त्याचा असा टाक करतात. आमच्या नाशिकात रंग खेळायचा तो रंगपंचमीला. धुळवड वीरांची. खोबऱ्याच्या वाटीत वीर ठेवायचा, ती वाटी हातात धरून डफाच्या तालावर नाचत गंगेवर जायचं, त्याला अंघोळ घालायची आणि घरी आणायचं. गंगा म्हणजे गोदावरी. नाशिककराला दुसरी गंगा ठाऊक नसते.

वैशालीच्या घरचा वीर काही वर्षांपूर्वी घरफोडीत गेला. चोरांनी अख्खं देवघर उचललं. बाकीचे देव तिच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, पुन्हा करून घेतले. वीर मात्र नाही. नाना एसटीत ड्रायव्हर होते. माणूस गमत्या, पण त्या चोरीपासून धुळवडीला दार लावून घेतात आणि गल्लीत डफ आला की टीव्हीचा आवाज वाढवतात. नवा टाक करून घ्या, असं मी एकदा सुचवलं होतं.

"नवा बसवला म्हणजे जुन्याला तू गेलास म्हणून सांगितल्यासारखं होतं," ते म्हणाले. "येईल तो."

यंदा त्यांचं हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टर जे काही बोलले ते वैशालीने घरात कोणाला नीट सांगितलं नाही. तिला एकच हवं होतं. या धुळवडीला नाना वीर घेऊन गंगेवर जायला हवेत.

"हाच आहे आमचा," ती म्हणाली. "घोडा बघा. खाली कुत्रं बघा."

"अगं, टाक ठशावर ठोकतात. एका ठशातून शेकडो निघतात, सगळे सारखे. दिसतो तसाच म्हणजे तोच, असं आमच्या धंद्यात नसतं. दुसरी काही खूण आहे?"

खूण होती. तिच्या आजोबांच्या हातून एकदा वाटी हलली आणि वीर रामकुंडात पडला. कमरेएवढ्या पाण्यात उतरून चार जणांनी तो शोधला. त्यानंतर आजोबांनी वरच्या कडेला बारीक भोक पाडलं आणि वीर लाल धाग्याने वाटीला बांधायला लागले. फोटोत नेमकी वरची कड विकणाऱ्याच्या बोटाखाली होती.

मग मी विकणाऱ्या माणसाकडे वळलो. दागिन्याआधी दागिना आणणाऱ्याकडे बघायचं, ही माझी जुनी सवय. प्रोफाइल नवीन. चेहऱ्याच्या जागी झेंडूचं फूल. याआधी काही विकल्याची खूण नाही. आधी टोकन मागतोय. वैशालीने मागच्या बाजूचा फोटो मागितला तर नाही म्हणाला. इथवर सगळं ठगासारखं. पण तो फोटो इंटरनेटवर शोधला तर दुसरीकडे कुठेही नव्हता, म्हणजे चोरलेला नव्हता. शिवाय फोटो भयंकर वाईट होता. अंधुक, मागे चटई, चटईवर कोणाचा तरी पाय. ठगांचे फोटो फार देखणे असतात. आणि खोट्या मालाला 'अतिदुर्मीळ, पेशवेकालीन' अशी शेपटी हटकून लावलेली असते. इथे एवढंच लिहिलं होतं : 'जुना वीर आहे. देवघरात ठेवणाऱ्यानेच घ्यावा.'

ते वाक्य मी पुन्हा वाचलं आणि फोन लावला.

"टाकाच्या पाठीचा फोटो पाठवा."

"नाय पाठवत."

"मग व्हिडिओ कॉल करा."

"नाय करत."

"मग पैसे मिळणार नाहीत."

"नका देऊ." आणि फोन कट.

वैशाली रडवेली झाली. मी मात्र सुखावलो. इतक्या वर्षांत 'नका देऊ' म्हणणारा ठग मला भेटलेला नाही. दुसऱ्यांदा फोन लावून मी विचारलं, "आम्ही समोर येऊन बघितला तर चालेल का?"

"या की," आवाज लगेच मऊ झाला. "सिन्नरला या. च्या पिऊन जा."

समोरासमोर बघायचं ठरलं की जोखीम उरते ती बसच्या तिकिटाची. ती आम्ही घेतली.

विकणारा संतोष नावाचा तिशीतला माणूस निघाला. एमआयडीसीत कामाला. त्याच्या वडिलांचं सराफीचं छोटं दुकान होतं, ते वारल्यावर बंद झालं. चहा पुढे करत तोच आधी म्हणाला, "काका, राग मानू नका. मागं एकानं बाबांचा तराजू घेतो म्हणून मला कोड पाठवला. म्हणला, हा स्कॅन करा, पैसे येतील. आले कुठं? व्हते तेच गेले. तवापासून फोनवर कोणी काय कर म्हणलं का मी करत नाय."

म्हणजे आम्ही त्याला ठग समजत होतो आणि तो आम्हाला.

त्याने फडक्यातून टाक काढला. कोणी मोडीत, म्हणजे वितळवायला, दिलेला माल होता. "बाकी समदं मुशीत जायचं," संतोष म्हणाला. "पण वीर आला का बाबा बाजूला काढायचे. म्हणायचे, माणूस हाय तो, त्याला कसा जाळू? दुकान गेलं. आता माझ्याच्यानं त्याची पूजा व्हत नाय."

मी टाक कसोटीवर घासला, अॅसिडचा थेंब टाकला. चांदी चोख. घोड्याचं तोंड आणि वीराचं नाक गुळगुळीत झालेलं, ते रोजच्या अंघोळीनं. खोटी झीज आणणारे कडा घासतात, कारण तिथं हात सहज पोचतो. देवाला अंघोळ घालणाऱ्याचं बोट मात्र उंचवट्यावरून फिरतं. इथे कडा शाबूत होत्या. टाक शंभर टक्के अस्सल होता.

वरची कडही शाबूत होती. भोक नव्हतं.

वैशालीने तो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. तिने पर्समधून पैसे काढून संतोषला दिले.

परतीच्या बसमध्ये ती हळूच म्हणाली, "काका, भोक पाडता येतं ना?"

हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारला. खोटेपणा पकडायला लोक माझ्याकडे यायचे, करायला नाही. आणि खरं सांगतो, तिच्याकडे बघून मला हो म्हणावंसं वाटलं.

"येतं. घरी बारीक ड्रिल आहे माझ्याकडे," मी म्हणालो. "पण धाग्यानं घासून घासून गुळगुळीत झालेली कड मला करता येणार नाही. नाना अंगठा फिरवतील. त्यांना कळलं, तर वीर दुसऱ्यांदा जाईल. आणि तुझ्यावरचा विश्वासही जाईल, तो वेगळाच."

"मग काय सांगू त्यांना?"

"झालं ते सांग."

सांगायला सोपं होतं. जिना चढताना मीच तिच्यामागे राहिलो. नाना पलंगावर बसले होते. वैशालीने टाक त्यांच्या हातावर ठेवला. नानांचा अंगठा वरच्या कडेवरून फिरला. परत फिरला. मग ते माझ्याकडे बघायला लागले.

"चांदी चोख आहे," मी म्हणालो. "जुना आहे. खोटं काही नाही त्यात."

"मी कुठं चांदीचं विचारलं?"

"नाही नाना. तुमचा नाही तो."

वैशाली हुंदका देऊन रडायला लागली. मग तिने सगळं सांगितलं. संतोष, त्याचे वडील, मोड, आणि बसमध्ये मला काय विचारलं तेही. नाना ऐकत होते. टाक त्यांनी खाली ठेवला नव्हता.

"म्हणजे हाही घरातून निघालेला," शेवटी ते म्हणाले. "किती धुळवडी गेल्या असतील याच्या, बिनअंघोळीच्या." त्यांनी धोतराच्या सोग्याने घोड्याचं तोंड पुसलं. "कोणाचा तरी आजोबा आहे गं. रडतेस काय? पाहुणा आलाय घरी. याचे कोणी विचारत आले तर देऊन टाकू. तोवर राहील आपल्याकडे. आपलाही असाच कोणाकडे तरी बसला असेल. त्या घरच्यांनी त्याला उपाशी ठेवलं नाही म्हणजे झालं."

मग त्यांनी टाक माझ्यापुढे धरला.

"तुमच्याकडे ड्रिल आहे म्हणे. याला वर भोक पाडून द्या. आमचा एकदा पाण्यात पडला होता."

मी घरी जाऊन भोक पाडलं. डोळे सारखे पाण्याने भरत होते, म्हणून दोनदा थांबावं लागलं. कड अगदी नवी, चकचकीत आली. ती मी तशीच ठेवली.

धुळवडीला नानांना आम्ही रिक्षाने गंगेवर नेलं. लाल धाग्याने बांधलेला वीर खोबऱ्याच्या वाटीत होता. डॉक्टरांनी नाचायला सक्त मनाई केली होती आणि नाना नाचले नाहीत. डफ वाजला की फक्त त्यांचे खांदे हलत होते. वैशालीने त्यांना एका बाजूने धरलं होतं. वीराला अंघोळ घालताना नाना त्याच्याशी काहीतरी पुटपुटले. काय ते मी विचारलं नाही.

ऑनलाइन जुनी वस्तू घेताना काय बघावं, असं आता सोसायटीतले लोक मला विचारतात. मी सांगतो, आधी पैसे पाठवू नका. शक्य असेल तर प्रत्यक्ष जा, वस्तू हातात घ्या, विकणाऱ्याचा चहा प्या. आणि माल खरा की खोटा हे व्हॅल्युअरला जरूर विचारा. तो आपला की परका हे मात्र त्याला विचारू नका. त्यातलं त्याला काही कळत नाही.