सुभेदाराचा शेंदूर

रनाळ्याच्या बारवेवर जो शेंदरी देव बसलाय, तो मी बसवला. तेव्हा मी नवी नवरी, मॅट्रिक पास, आणि गावात आपल्याइतकं शहाणं कोणी नाही अशी पक्की खात्री. बारवेच्या तोंडाशी एक कोरीव दगड होता. बायका त्यावर धुणं आपटायच्या. नंदुरबारहून आलेल्या एका म्हाताऱ्या मौलवींनी त्यावरची फारसी अक्षरं वाचून सांगितलं, की बादशहाच्या वतीने या मुलखाचा कारभार पाहणाऱ्या सुभेदाराने सुरतेच्या वाटेवरच्या वाटसरूंसाठी ही बारव बांधवली. झालं, मी बायकांना इतिहास शिकवायला लागले. त्या हसल्या आणि धुणं आपटत राहिल्या. मग एका पहाटे मी दगडाला शेंदूर फासला, पुढे नारळ फोडला. संध्याकाळपर्यंत धुणं पलीकडच्या काठाला गेलं. काय मिरवले मी, बावळट!

पुढे दर अमावस्येला शेंदराचा नवा थर. अक्षरं गडप.

आता बारवेवरून रुंद रस्ता जायचाय. मोजणीचे साहेब म्हणाले, बारव जुनी असल्याचा पुरावा दाखवा, रस्ता बाजूने नेऊ. सोमवारी परत येतो. पुरावा शेंदराखाली, आणि मौलवी कधीच गेले.

मला बसवेना. गॅसवर चहा आटून करपला. बारवेपर्यंत जायचं, दगड नखाने टोकरायचा, कोणी दिसलं की हात जोडायचे, परत यायचं. देव कधीकधी आपणहून शेंदराची खोळ टाकतो म्हणतात. माझा हट्टी, माझ्यावरच गेलेला.

रविवारी खुरपी घेऊन निघालेच. तिथे नणंद दिवा लावत बसलेली. लग्नानंतर कित्येक वर्षं तिची कूस उजवली नव्हती. याच दगडाला नवस बोलली आणि मुलगी झाली. तेव्हापासून शेंदूर तीच लावते. खुरपी पदराआड लपेना. सांगून टाकलं सगळं: पहिला शेंदूर माझा, आत देवबिव कोणी नाही, सुभेदाराची पाटी आहे. मनात म्हटलं, बया आता गाव गोळा करणार.

तिने वात सारखी केली. दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दिवा उचलून बाजूला ठेवला.

“वहिनी, मंग मन्हा नवसले तुन्हा सुभेदारच पावना म्हन. हळू खरडजो, त्याले लागी जाई.”