ही गाडी कुठली गं?

आज पारनेरच्या स्टँडवर लेकीला कॉलेजच्या गाडीत बसवून दिलं. डिझेलच्या उग्र वासात पिकलेल्या पेरूंचा वास मिसळला आणि ती पुन्हा सात वर्षांची झाली.

तेव्हा आम्ही तिला घरीच शिकवत होतो. अक्षरं गिरवायला बसवलं की ती रडायची, म्हणून मी वही आवरून ठेवली. बाजाराला जाता-येता दुकानांवरच्या, गाड्यांवरच्या पाट्या तेवढ्या तिला वाचून दाखवायचे. माझ्या थोरल्या नणंदेला हे बिलकूल पसंत नव्हतं. त्या दिवशी त्या राळेगणला परत निघाल्या होत्या. "पोरगी अडाणी ऱ्हाईल बघ," स्टँडवरही त्यांचं तेच चाललं होतं. तेवढ्यात गाडी लागली. चष्मा पिशवीत तसाच ठेवून त्या घाईने चढल्या.

"आत्या, उतर! राळेगणची न्हाई, शिरूरची हाय ही!" लेक ओरडली.

मी पाटीकडे पाहिलं. शिरूरच. ही वाचायला कधी शिकली, मलाच कळलं नव्हतं.

वन्सं उतरल्या आणि तिच्या शेजारी येऊन बसल्या. मग लागेल ती गाडी त्यांनी तिलाच विचारली, "ही कुठली गं?"

चष्मा मात्र शेवटपर्यंत पिशवीतून बाहेर काढला नाही. तेव्हा मला वाटलं होतं, विसरल्या असतील.