उकळून प्या

खडवलीला आमच्या शेताच्या वरच्या अंगाला एकाने लॉनची नर्सरी काढली. जमिनीत पाणी साचू नये म्हणून त्याने चर खणला आणि थेट ओहोळात सोडला. खत, तणनाशक, सगळं त्यातून खाली येतं. ओहोळातले मासे मेले. म्हैस त्या पाण्याला तोंड लावत नाही. आमची प्यायची विहीर ओहोळाला लागूनच आहे. तक्रार केली, तेव्हा सरकारी माणूस आला.

नाव मी विचारलं नाही. नाकाला रुमाल, इस्त्रीची पँट दोन बोटांनी वर धरलेली. बोलताना माझ्याकडे बघायचा नाही, बुटांकडे बघायचा. तरी चर ओलांडताना घसरला आणि एक पाय घोट्यापर्यंत आत गेला.

"आजी, हे कारखान्यातून आलं असतं तर नोटीस काढली असती," तो म्हणाला. "शेतातून आलेल्या पाण्याला आमचा नियम लागत नाही."

"मग आम्ही काय करायचं?"

"उकळून प्या."

अंगणात येऊन त्याने साबण मागितला. सुनेने विहिरीतून बादली शेंदून पुढे ठेवली. त्याने बादलीत वाकून बघितलं.

"हे नको," म्हणाला. गाडीतून बाटली आणली, त्या विकतच्या पाण्याने पाय धुतला, बोटं हुंगली, पुन्हा धुतला.

मी म्हटलं, "साहेब, आमचं पाणी उकळून देऊ का पायाला?"

तो बूट हातात घेऊन गाडीत बसला. चर अजून वाहतोय. त्या बादलीतलं पाणी मी म्हशीपुढे ठेवलं. तिनेही तोंड फिरवलं. संध्याकाळी सुनेने तेच चुलीवर चढवलं.