पाठ करून बसणारे काका

गुढियारीत आमच्या शेजारचे काका फौजेतून निवृत्त झालेले. कुणी हाक मारली तरी ते वळून पाहत नाहीत, फक्त कान तिकडे करतात. आमच्या कॉलेजच्या गटाला फौजेच्या स्पर्धेसाठी तळहातावर मावेल असं ड्रोन बनवायचं होतं. फौजेची अट अशी, की डोक्यावर येईपर्यंत ते शत्रूला ऐकू जाऊ नये. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून हरण्याची धास्ती जास्त. चाचणीसाठी मी भीतभीत काकांनाच विचारलं.

ते गच्चीवर आमच्याकडे पाठ करून बसत; ड्रोन ऐकू आलं की हात वर करायचा, असं ठरलं होतं. ड्रोन अर्ध्यात पोचायच्या आत त्यांचा हात वर. "पाडलं! काहून मच्छर पाठवून राहिले बे?" शाबासकी कधीच नाही.

आम्ही रुंद, सावकाश फिरणारे पंखे बसवले. फौजी अधिकारी येण्याच्या आदल्या संध्याकाळी हात वर झालाच नाही. मला वाटलं, त्यांना डुलकी लागली.

"काका, जागे आहे ना?"

"हव. कधी सोडता?"

"तुमच्या टोपीवर आहे."

त्यांनी हात हळूच वर नेला. पंख्यांचा वारा तळहाताला लागताच ते कठड्याकडे धावले आणि साऱ्या गल्लीला ओरडून सांगू लागले, "मेलो रे मेलो! आपल्या पोट्ट्यांनी मारलं मले!"