गुलाबांच्या वाफ्यात पालक

आमच्या इंदिरानगरच्या घरामागे वीसेक फूट लांब मोकळी जागा होती. नव्वदनंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही तिथे राहायला गेलो, तेव्हा त्या जागेत विटांचे तुकडे, दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्या आणि फुटक्या बाटल्या पडल्या होत्या. ती साफ करण्यात माझा अख्खा हिवाळा गेला. मुलगी शाळेत आणि यजमान सातपूरला कारखान्यात गेले, की मी पदर खोचून खुरपं घेऊन बसायची. यजमान तिथे सुपरवायझर होते. त्यांना बागेत काडीचा रस नव्हता. "तुझं चालू दे," एवढंच म्हणायचे. तेवढ्या तीन शब्दांवर मी नऊ-दहा वर्षं बाग केली.

मला गुलाबच हवे होते. गंगापूर रोडच्या एका रोपवाटिकेत एक म्हातारे माळी होते. त्यांच्याकडे जाऊन जाऊन मी डोळा भरायला शिकले. रानगुलाबाच्या खुंटावर साल चिरायची, हव्या त्या गुलाबाचा डोळा आत सरकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. माझे पहिले आठ डोळे काळे पडले. नववा फुटला तेव्हा मी भांडी घासायची सोडून दिवसातून पाच वेळा तो कोंब बघायला गेले होते. पुढे अशी एकवीस झाडं झाली. त्यात एक पिवळा होता, कडेला किंचित गुलाबी छटा असलेला. पलीकडच्या बंगल्यातल्या बाईंकडून काडी मागून आणून मी तो तयार केला होता. गावातल्या एका प्रदर्शनात त्याला दुसरं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र घेऊन घरी आले तर यजमान म्हणाले, "पहिलं का नाही मिळालं?" ते चेष्टेत म्हणाले असतील. मला ते आजही चेष्टेतलं वाटत नाही.

नवं शतक लागलं आणि कारखान्यात माणसं कमी करायला सुरुवात झाली. यजमानांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर होती. सकाळी साडेसातला बाहेर पडणारा माणूस आता दिवसभर घरात. पहिले काही महिने ते नुसते बसून असायचे. मग पावसाळ्यात त्यांना सारखी तहान लागू लागली, वजन उतरलं. तपासणी केली तर साखर बरीच वाढलेली निघाली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "भात, पोळी, बटाटा, गोड कमी करा. रोज चाला. घाबरण्यासारखं काही नाही."

पण यजमान घाबरले होते. त्यांच्या वडिलांचा पाय साखरेपायीच कापावा लागला होता, हे मला माहीत होतं. तेव्हाच त्यांचा भाचा अमेरिकेहून आला आणि जाताना एक इंग्रजी पुस्तक ठेवून गेला. धान्य आणि साखर सोडून माणूस कसा धडधाकट राहतो, असं त्यात होतं. यजमानांनी ते हातात लाल पेन घेऊन वाचून काढलं. डॉक्टरांचं "कमी करा" गळून पडलं आणि आमच्या घरात "बंद" आलं. पोळी बंद, भाकरी बंद, भात, पोहे, साबुदाणा, गूळ, सगळं बंद. एका रविवारी त्यांनी तांदळाचा आणि गव्हाचा डबा उचलला आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंना देऊन टाकला. मी तेव्हा बाथरूममध्ये कपडे धूत होते.

"घरात दिसलं की खावंसं वाटतं," ते म्हणाले. "नसलेलंच बरं."

मग सुरू झाली माझी परवड. फ्लॉवर किसायचा, कढईत परतायचा आणि त्याला भात म्हणायचं. जवस दळायचे, त्यात किसलेला दुधी घालायचा, त्याचं थालीपीठ थापायचं. ते तव्यावरून सरळ कधी उठलंच नाही. उलथनं घातलं की चार तुकडे. बदामाच्या पिठाच्या पोळीला ताणच नसतो, ती लाटताना पोळपाटालाच चिकटून बसायची. एखादी पोळी फाटली की यजमान पुस्तक उघडून म्हणायचे, "यात तर असं लिहिलंय की अंडं घातलं की धरून ठेवतं. तू घातलंस का?"

"घातलं."

"मग प्रमाण चुकलं असेल."

पंचवीस वर्षं मी पोळ्या केल्या होत्या. एकदाही कुणी प्रमाण विचारलं नव्हतं.

दोन वेगळे स्वयंपाक करायचा मला कंटाळा आला, म्हणून जे त्यांच्या ताटात तेच मी माझ्या ताटात वाढून घेऊ लागले. मला साखरेचा आजार नव्हता. दुपारी तीनच्या सुमारास गरम वरणभाताची इतकी आठवण यायची की डोळ्यांत पाणी येई. शेजारणीकडे हळदीकुंकवाला गेले की तिथला मसालेभात दोनदा मागून घ्यायची आणि घरी येऊन सांगायची, "काही नाही, नुसतं सरबत होतं."

जानेवारीत माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नांदगावला आईजवळ दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी दोन आठवडे तिकडे राहिले. निघताना माझे गुलाब भरात होते. ऑक्टोबरातल्या छाटणीचा बहर जानेवारीपर्यंत टिकतो आणि त्या वर्षी तर थंडीही चांगली होती. यजमानांना पाणी कधी आणि किती घालायचं ते मी दोनदा सांगितलं. आईकडे मी रोज दोन वेळा भात खाल्ला. आई म्हणाली, "उपाशी ठेवतात का गं तुला?" मी हसण्यावारी नेलं.

परत आले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. नाशिकरोडहून रिक्षाने घरी पोचले. यजमान दारातच उभे होते, हातांना माती लागलेली, चेहरा इतका खुललेला की कित्येक महिन्यांत तसा पाहिला नव्हता.

"बॅग राहू दे. आधी मागे चल."

मी मागे गेले. एकही गुलाब नव्हता. जमीन खणून सारखी केलेली, सुतळी लावून आखलेले सरळ वाफे आणि प्रत्येक वाफ्याच्या टोकाला काठीवर पुठ्ठा. त्यावर त्यांच्या कारखान्यातल्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: पालक, मेथी, वांगी, दुधी, फ्लॉवर. भिंतीशी झाडांचा ढीग होता. मुळं उघडी, पानं वाळून चुरचुरीत झालेली.

"बाजारातल्या पालेभाज्या कुठल्या पाण्यावर वाढवतात, देव जाणे," ते सांगत होते. "आता घरचं. चार दिवस लागले सगळं काढायला, मुळं फार खोल गेली होती. आणि फुलं वाया नाही घालवली हं, सगळ्या कॉलनीत वाटली. लोक काय खूश झाले!"

मी ढिगाजवळ वाकले. पिवळ्याचं खोड मला ओळखता आलं, कारण त्यावर डोळा भरलेल्या जागी एक गाठ होती. नखाने साल खरवडून पाहिली. आत हिरवं काही उरलं नव्हतं.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "जेवायचं काय करायचंय?" आणि आत गेले. तेव्हा ओरडायला हवं होतं. पण तो माणूस इतक्या दिवसांनी हसत होता आणि मी प्रवासाने दमले होते. हातपाय धुतले, फ्लॉवर घेतला आणि किसायला बसले. किसता किसता बोटाचं सालटं निघालं.

पालक आणि मेथी चांगली आली, अगदी मजबूत आली. म्हणून आम्ही पालक खात राहिलो. पालक पनीर, पालक घातलेली अंडी, पालकाचं सूप. बाकीच्या भाज्यांनी मात्र नुसता पाला धरला. वांग्याची झाडं कमरेएवढी झाली, दुधीचा वेल गच्चीच्या जिन्यापर्यंत चढला, फळ मात्र कुठेच धरेना. फ्लॉवरचा तर गड्डाच बसला नाही. यजमान रोज सकाळी वहीत झाडांची उंची लिहीत आणि संध्याकाळी चिडचिड करत. आमच्याकडे मखमलाबादच्या बाजूने एक भाजीवाली यायची, तिचं स्वतःचं शेत होतं. त्यांनी तिला मागे नेऊन दाखवलं.

तिने चिमूटभर माती हातात घेऊन चुरली. "दादा, हितं काय होतं पयले?"

"गुलाब."

"मंग शेणखत लय पडलंय की वर्सानुवर्सं. येवढ्या खतानं नुसता पाला माजतो, फळ नाय धरत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, गुलाब का हो काढले? लय भारी होते."

यजमानांनी वही उघडून काहीतरी टिपलं. ती माती मी दहा वर्षं तयार केली होती आणि ती गुलाबांसाठी होती.

सगळ्यात जास्त राग मला कशाचा यायचा, तर त्यांची साखर खरोखर उतरली याचा. एप्रिलमध्ये तपासणी झाली, आकडे छान आले. डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली. असा राग येणं चांगलं नाही, हे मला कळत होतं. मलाही त्यांचे पाय शाबूत हवे होते. पण तो कागद हातात आल्यावर माझी तक्रार करायची जागाच गेली. कुणाला काय सांगणार? नवरा बरा झाला म्हणून मी रडतेय?

मे महिन्यात मुलगी सुट्टीला आली. पहिल्याच दिवशी जेवायला बसली आणि माझ्या ताटाकडे बघत राहिली.

"आई, बाबांचं ठीक आहे. तू का हे खातेस?"

मी म्हटलं, "सवय झाली."

दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या दुकानातून तांदूळ घेऊन आली आणि स्वतः कुकर लावला. शिट्टी झाली तसे यजमान हातातलं वर्तमानपत्र टाकून स्वयंपाकघरात आले.

"घरात तांदूळ आणायचा नाही, ठरलंय ना आपलं?"

"कुणी ठरवलं?" मुलीने विचारलं.

"आम्ही दोघांनी."

मी ओट्याजवळच उभी होते. म्हटलं, "मी नव्हते त्यात."

"म्हणजे?"

"डबे देऊन टाकलेत तेव्हा मी कपडे धूत होते. झाडं उपटलीत तेव्हा नांदगावला होते. मला एकदा तरी विचारलंत?"

ते गोंधळले. "अगं, पण तू काही बोलली नाहीस."

"तुम्ही ऐकायला थांबलात कुठे?"

"आणि झाडांचं काय एवढं? झाडं परत लावता येतात."

"नाही येत," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. "ती झाडं परत लावता येत नाहीत. तुम्हाला त्यातलं एक तरी नावाने माहीत होतं का? पिवळा कुठला होता ते तरी?"

त्यांना माहीत नव्हतं. ते म्हणाले, "मला वाटलं, तुझ्यासाठीच करतोय मी. मी टिकलो तर तुलाच..." बाहेर जाऊन बसले. मी आणि मुलीने वरणभात खाल्ला. मला त्या भाताची चवच लागली नाही, याचाही मला राग आला.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. घरात तांदळाचा आणि कणकेचा डबा परत आला. सकाळचं ऑम्लेट ते स्वतः करू लागले, तेही बरं करतात. फ्लॉवर मात्र अजून मीच किसते. त्या पावसाळ्यात ते एकदा न सांगता गुलाबाची सहा रोपं घेऊन आले, सगळी एकाच लाल रंगाची, फुलांच्या दुकानात गड्डीने मिळतात तसली. "घे, लाव," म्हणाले. मी त्यातली चार शेजारी देऊन टाकली. देऊन टाकताना मीही त्यांना विचारलं नाही.

लग्नाकार्यात त्यांना भेटलेले लोक आजही तब्येतीची चौकशी करतात. मग ते सगळी कहाणी सांगतात, पुस्तकापासून अर्ध्या गोळीपर्यंत. लोक माझ्याकडे वळून म्हणतात, "वहिनी, तुम्ही किती केलंत हो त्यांच्यासाठी!" मी मान हलवते. बागेचं त्या कहाणीत कधी येत नाही.

यजमानांनी भाज्यांचा नाद सोडला. मागची जागा एक वर्ष मी तशीच पडू दिली. मग गच्चीवर कुंड्या नेल्या, एकेक करून, दर दोन पायऱ्यांवर टेकवत. तिथे आता अकरा गुलाब आहेत. पिवळा आहे, पण तो नाही. ज्या बंगल्यातून काडी आणली होती तो पाडून तिथे इमारत झाली. रोपवाटिकेत पिवळा मागितला की वेगळाच देतात.

यजमानांचे गुडघे आता दुखतात, त्यामुळे ते सहसा वर येत नाहीत. मागच्या हिवाळ्यात एकदा आले, कठड्याला धरून धापा टाकत उभे राहिले.

"खाली एवढी जागा रिकामी आहे. इथे कशाला उन्हात?"

"इथेच बरं आहे," मी म्हटलं.

त्यांनी सगळ्या कुंड्यांकडे एकदा पाहिलं. काहीतरी विचारतील असं वाटलं. विचारलं नाही. भिंतीला हात लावत एकेक पायरी उतरत खाली गेले. त्यांच्या पावलांच्या आवाजावरून गुडघा किती दुखतोय ते मला कळत होतं. मी हाक मारू शकले असते. एका कळीवर माव्याची कीड पडली होती, ती मी बोटांनी पुसत राहिले.